बिनदिव्याची गाडी

आमच्या घरात दोन आवाज कायमचे वस्तीला होते. एक आप्पांच्या मागाचा, खट्-खटाक, खट्-खटाक, आणि दुसरा आईच्या रहाटाचा, घुर्रर्र करून सुरू व्हायचा आणि मध्येच थांबायचा. रहाट थांबला की समजायचं, चुलीवर काहीतरी उतू चाललंय. माग थांबला की समजायचं, धागा तुटलाय आणि आता आप्पांसमोर जायचं नाही. शहापुरातल्या आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत माग होते. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटायचा, मला मात्र दहा घरांतून आमचा माग ओळखू यायचा. आप्पा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे आणि आई उंबऱ्याशेजारी रहाट घेऊन कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी होडीत, बसवायची सुताची गुंडाळी. लुगड्याचं आडवं सूत सगळं तिच्यातून येतं. म्हणजे आप्पांनी विणलेल्या प्रत्येक लुगड्यातलं निम्मं सूत आधी आईच्या बोटांतून गेलेलं असायचं. पण ते लुगडं तिच्या अंगाला कधी लागलं नाही. मागावरून उतरलं की त्याला खळ लावून, ताठ घडी घालून ते व्यापाऱ्याकडे जायचं. आईच्या वाट्याला यायचं ते डागी लुगडं, म्हणजे विणताना चूक राहिली म्हणून व्यापाऱ्यानं परत पाठवलेलं. आप्पा कसबी होते, त्यांच्या चुका फारशा होत नसत, त्यामुळे आईला नवं लुगडं मिळायला भारी वाट बघावी लागायची. हे आज मी हसत लिहिते. तेव्हा त्यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं, आणि रडण्यासारखंही नाही.

आईला एकच बहीण, थोरली. आई तिला आक्का म्हणायची, मी मावशी. तिला गोव्यात दिली होती, फिरंग्याच्या राज्यात, सावर्ड्याजवळच्या एका गावात. तिच्या नवऱ्याचं तिथं किराणा दुकान होतं. आजी वारली तेव्हा मावशी आली होती, त्यानंतर नऊ वर्षं दोघी बहिणींची गाठ नाही. सावर्डं काही काशी-रामेश्वर नव्हे, पण मध्ये घाट होता, दुसऱ्याचं राज्य होतं, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे आमचा माग होता. कांड्या भरणारी गेली तर विणणाऱ्यानं हात बांधून बसायचं. मावशीचे कागद मात्र यायचे. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. एका कागदात मावशीनं लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जातानाचं लिहिलं होतं. गाडी घाट उतरते, एकामागून एक बोगदे लागतात, आणि एका बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या अगदी डोक्यावर दूधसागर कोसळत असतो, खिडकीतून त्याचे तुषार तोंडावर येतात. 'मी रडत होते ते तिथं विसरले,' असं तिनं लिहिलं होतं. तो कागद जुना होऊन घडीवर फाटला, तरी आई दुपारी कांड्या भरताना म्हणायची, "शेवंते, तो पाण्याचा कागद वाच की गं." मी वाचायची. रहाट हळू व्हायचा. मग एकदम जोरात फिरायचा.

त्या साली तुळशीची लग्नं झाली आणि मावशीचा कागद आला. तिच्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. कागदात आग्रह नव्हता. 'जमलं तर ये, मागाचं मला ठाऊक आहे' एवढंच होतं, आणि तेच फार होतं. आईनं तो पाच वेळा वाचायला लावला आणि मग भाकरी थापायला बसली. भाकरी इतक्या जोरात थापत होती की आप्पांनी मागावरून विचारलं, "काय झालंय?"

"आप्पा, आईला सावर्ड्याला जायाचं हाय," मी म्हणाले.

"तिला तोंड हाय की."

"मला कुठं जायाचं हाय? उगं आपलं हिचं कायतर," आई तव्याकडं बघत म्हणाली.

"मग कागद पाच येळा कशाला वाचून घेतलीस?" मी असली आगाऊ होते. अजून आहे, सुनेला विचारा.

आप्पांनी नीट विचार करून तोडगा काढला. लुगडं घेऊ आणि रेल्वेनं पार्सल करून धाडू. आता हा तोडगा वाईट नव्हता, पण आईनं हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. तिला मोठ्यानं बोलताना मी फार कमी ऐकलंय, त्यांतलं हे एक. "माहेरचं लुगडं पार्सलानं जात नसतंय वो. आक्काला आई न्हाय, बा न्हाय, भाऊ न्हाय. मी हाय तेवढंच तिचं माहेर. मांडवात तिची सासू इचारील, माहेरचं कोण आलंय गं? मग ती काय सांगणार? पार्सल आलंय म्हणून?" आप्पांनी धोटा हातात धरला होता तो तसाच राहिला. मग ते म्हणाले, "मागावर अर्धं लुगडं ठिवून घरची बाई उंबरा वलांडत न्हाय. आजवर आपल्यात कुणी वलांडला न्हाय. ताणा संपला तर जा." ही आमच्यातली जुनी रीत. मागावर एक ताणा, म्हणजे उभं सूत, चढवला की त्यात चार लुगडी निघायची, आणि दुसरं लुगडं नुकतं सुरू झालं होतं. लग्नाला तेवीस दिवस होते. आप्पांनी नाही म्हटलं नव्हतं, पण ते हो पण नव्हतं. मी मात्र ते हो धरलं. अशा वेळी आपल्याला सोयीचं ते ऐकावं, हे मला लहानपणीच कळलं होतं.

त्या दिवसापासून मी हात धुऊन त्या प्रवासाच्या मागं लागले. आईनं लग्नाला पोचायचं हे तर झालंच. पण मी मनात आणखी एक ठरवलं होतं, की तिनं जायचं ते दूधसागर बघत जायचं. डोळे मिटून, रातोरात, गठुड्यासारखं नव्हे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आप्पा म्हणाले असते, लग्नाला चाललीयास का जत्रंला?

चौकशी करायला माणूस एकच होता, भरमाण्णा. तो सांबरा गावचा. घरची शेती होती, पण हा बेळगाव स्टेशनात सांधेवाला म्हणून लागला होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलायचं त्याचं काम. त्याची बायको आमच्या गल्लीची माहेरवाशीण, त्यामुळे त्याचं येणंजाणं होतं. आला की आप्पांजवळ बसून निपाणीच्या तंबाखूची चिमूट लावायचा आणि तासभर गाड्यांबद्दल बोलायचा. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, "भरमाण्णा, गोव्याला जायाची गाडी कुठली?" तो म्हणाला, "रातची मेल हाय की. झटक्यात नेती."

"ती नको. धबधबा दिसती ती पायजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तंबाखू थुंकून आला. मग सगळं समजावून सांगितलं. मेल घाटात शिरते तेव्हा किर्र अंधार असतो, सगळी माणसं झोपलेली. पण दुसरी एक गाडी आहे, पहाटेची. तिला मालाचे डबे जोडलेले, प्रत्येक स्टेशनावर थांबणार, लोंड्याला उतरून गाडी बदलावी लागणार, कॅसलरॉकला तासभर ताटकळावं लागणार. "पण ती बिनदिव्याची गाडी हाय," तो म्हणाला. "घाट उतरताना डब्यात दिवं लावत न्हाईत तिच्यात. उजेडात उतरती." त्यानं गाड्यांचे नंबर किंवा वेळा सांगितल्या नाहीत. त्याच्या लेखी गाड्या दोनच प्रकारच्या, दिव्याच्या आणि बिनदिव्याच्या. मला तेवढं पुरे होतं.

मग मी कोळसा घेतला आणि मागाशेजारच्या भिंतीवर स्टेशनं लिहून काढली. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंडा, तिनईघाट, कॅसलरॉक, दूधसागर, कुळें, सावर्डे. दूधसागरच्या खाली दोन रेघा मारल्या. भिंत घाण केली म्हणून आप्पा ओरडले, पण पुसायला लावलं नाही. पुढचा प्रश्न बसायचं कुठल्या बाजूला. भरमाण्णा म्हणाला डावीकडं. स्टेशनावर पाणी देणारा एक म्हातारा होता, तो शपथेवर म्हणाला उजवीकडं. आठ दिवस मी त्या काळजीत होते. आई कांड्या भरताना माझं तोंड बघून विचारायची, "पोटात दुखतंय काय गं?" शेवटी मी स्टेशनावर जाऊन दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, गाडीत बसल्यासारखं उभं राहून दाखवा. दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. म्हातारा मूळचा गोव्याकडचा, त्याच्या डोक्यात गाडी नेहमी तिकडून इकडं यायची. भरमाण्णाच्या डोक्यात ती इकडून तिकडं जायची. जाताना डावीकडं, हे मी भिंतीवर लिहून टाकलं. आज माझी नात तोच धबधबा मला फोनवर दाखवते, वरून, खालून, पाखराच्या नजरेनं. बघते मी. चांगला दिसतो. पण डावीकडं की उजवीकडं याची काळजी केल्याशिवाय बघितलेला धबधबा मला फुकटचा वाटतो.

इकडं ताण्याशी आमची झटापट चालू होती. मार्गशीर्षात बेळगावला कोरडा वारा सुटतो आणि कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं. मी दिवसातून चारदा मागाखालच्या खड्ड्यात पाणी शिंपडायची. आई पहाटे उठून रहाटाला बसायची. लुगड्यासाठी लागणाऱ्या कांड्या वेगळ्या, आणि आम्ही नसताना आप्पांना पुढचा ताणा चालू ठेवता यावा म्हणून लागणाऱ्या वेगळ्या. त्या दोन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, भरायच्या होत्या. मीही भरायला बसले. माझ्या कांड्या सैल व्हायच्या, आई त्या उलगडून परत भरायची आणि म्हणायची, "तू पाण्याचंच बघ बाई." त्या दिवसांत आमच्या घरात जेवण म्हणजे सकाळी केलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. आप्पा मागावरच बसून खायचे. बोलायचे काही नाहीत. पण एकदा मी पाणी शिंपडायला गेले तर ते विणता विणता पुटपुटत होते. मी कान दिला. धोटा इकडं गेला की देसूर, तिकडं गेला की इदलहोंड. खट्-खटाक, खानापूर. खट्-खटाक, गुंजी. मला बघून गप्प झाले आणि म्हणाले, "जा, पाणी टाक." मी पाणी टाकलं आणि न्हाणीत जाऊन पोटभर हसले. मग का कोण जाणे, रडले पण.

ताण्यातलं शेवटचं लुगडं घरचं, बाकीची व्यापाऱ्याची, असं आप्पांनी बोलून ठेवलं होतं. तेच मावशीचं. गर्द हिरवं अंग, तांबडी किनार, किनारीत रुईफूल. दोघी बहिणी लहान असताना त्यांच्या वडिलांच्या मागावर हेच रुईफूल असायचं आणि दोघी मिळून त्याच्या कांड्या भरायच्या, म्हणून आईनं ते मागून घेतलं. लुगडं मागावरून उतरलं ते आमच्या गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी. शेवटचा धोटा टाकून आप्पा खड्ड्यातून वर आले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. तरी लुगड्याला खळ लावणं आणि घडी घालणं त्यांनी कुणाला करू दिलं नाही. त्यांना घडी एकच येत होती, दुकानाची. काठाला काठ, पदर वर, मधोमध कागदाची पट्टी, त्यावर त्यांची खूण, आणि दोन्हीकडून दोरा. लाकडाच्या फळीसारखं ताठ लुगडं त्यांनी आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घडी मोडू नगंस. तुझ्या आक्कालाच मोडू दे." अहेराचं लुगडं घडीबंद द्यायचं असतं. नेसलेलं लुगडं माहेरचं म्हणून ताटात ठेवलं तर तो अहेर नव्हे, अपमान. आई म्हणाली, "मी कशाला मोडतीय?"

पहाटे भरमाण्णानं आम्हाला बायकांच्या डब्यात बसवलं, जाताना डावीकडं. बरोबर दशम्या, चटणी, मावशीसाठी कुंदा आणि पिशवीत ते लुगडं. आप्पा स्टेशनावर आले नाहीत, कांड्या भरून ठेवल्या होत्या ना. आई खिडकीशी बसली आणि देसूर येईपर्यंत पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून होती. तिला भीती वाटत होती. आगगाडीत ती पहिल्यांदाच बसत होती, हे मला तेव्हा लक्षात आलं. इतके दिवस मी सगळं ठरवत होते, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. लोंड्याला गाडी बदलली. पुढं रान सुरू झालं, हवा ओली झाली, आणि आईचा चेहरा सैल झाला. "इथं सूत तुटायचं न्हाय," ती म्हणाली.

कॅसलरॉकला गाडी थांबली ती थांबलीच. आमच्या डब्यात खानापूरकडची एक म्हातारी होती. तिचा लेक गोव्यात रेल्वेच्या कामावर होता, तिची वर्षातून दोन खेपा ठरलेल्या. आम्ही तिला दशमी दिली. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, "ते काय गं बाई? नवं कापड?"

"लुगडं हाय. बहिणीला अहेर," आई म्हणाली आणि कौतुकानं थोडं बाहेर काढून दाखवलं.

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आगं माझ्या बाई! घडीबंद, वर चिठ्ठी, दोरा! घाट उतरला की कुळ्याला फिरंग्याचं जकातवालं डब्यात येत्यात. असलं लुगडं बघितलं की म्हणत्यात, इकायला आणलंय. जकात भर न्हायतर ठिवून जा. आमच्या गावच्या एका बाईचं गेलं की गेल्या साली."

तीन आठवडे मी डावं-उजवं, दिवा-बिनदिवा करत होते आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मला विचारायचं सुचलं नव्हतं. आप्पांनी त्यांच्या मानानं उत्तमात उत्तम घडी घातली होती, आणि तीच नडत होती. आमच्याजवळ परतीच्या तिकिटापुरते पैसे होते, जकातीला काही नव्हतं. मी म्हटलं, "आई, दशम्यांच्या खाली लपवू या." आई म्हणाली, "माहेर चोरून न्यायचं? गप बस." मी म्हटलं, "मग चिठ्ठी काढू, दोरा काढू." म्हातारी म्हणाली, "खळीचं कापड लपतंय व्हय? हातात धरलं की कळतंय." मला रडू फुटलं. सगळं माझं चुकलं असं वाटत होतं, आणि अजूनही थोडं वाटतं. मग म्हातारी साधं म्हणून गेली, "नेसलेल्या लुगड्याला कोण इचारतंय बाई?"

बाहेर इंजनात पाणी भरत होते. नेसलं तर लुगडं वाचणार, पण अहेर जाणार. नाही नेसलं तर लुगडंच जाणार, आणि सावर्ड्याच्या मांडवात माहेर रिकाम्या हातानं उभं राहणार. आईनं पिशवीतून लुगडं काढून मांडीवर घेतलं आणि आप्पांच्या खुणेच्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवत बसली. इंजनाची शिट्टी झाली. तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "शेवंते, आडोसा धर."

मी आणि म्हातारीनं आमची चादर दोन बाजूंनी धरली. चादरीच्या पलीकडं खळीच्या कापडाचा करकर आवाज येत होता. गाडी हलली. आईनं चादर खाली केली आणि मी बघतच राहिले. माझी आई देखणी होती! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर डागी लुगड्यांत ती कुणाला दिसलीच नव्हती, मलासुद्धा नाही. म्हातारी म्हणाली, "दृष्ट काढा गं हिची." आई मात्र डोळे पुसत होती. "त्यास्नी काय सांगू? आक्काला काय सांगू? घडी मोडली मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "आता मोडली ती मोडली. बाहेर बघ. यवढ्यासाठी आणलंय तुला."

बोगदे सुरू झाले. बिनदिव्याची गाडी म्हणजे बोगद्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं, हे भरमाण्णा सांगायला विसरला होता. बायका देवाची नावं घेत होत्या. मी अंधारात आईचा हात धरला होता आणि बोगदे मोजत होते, मग मोजणं सोडलं. एका बोगद्यातच आवाज यायला लागला. मला वाटलं, पुढं कुठंतरी शंभर माग चाललेत. गाडी बाहेर आली, आणि डावीकडं, अगदी डोक्यावर, तो होता. पांढरा, आणि थांबत नसलेला. खिडकीतून पाणी आत आलं. सगळ्या बायका मागं सरल्या. आई पुढं सरली. तिनं हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, आणि तिच्या नव्या पदरावर तुषारांचे ठिपके पडायला लागले. मी ओरडले, "आई, लुगडं! रंग जाईल!" ती वळलीसुद्धा नाही. "त्यांच्या हातचा रंग हाय," ती म्हणाली, "जायाचा न्हाय." आणि मग ती हसायला लागली. तोंड ओलं, पदर ओला, आणि लहान पोरीसारखी हसत होती. गाडीनं वळण घेतलं, तो मागं राहिला, तरी ती मान वळवून बघत होती. मला त्या वेळी जे वाटलं ते पुढं माझ्या लग्नात नाही, लेक झाला तेव्हा नाही, कशातच तसं वाटलं नाही. मी ठरवलं होतं आणि ते झालं होतं.

कुळ्याला जकातवाले आले. पिशवी उलटी केली, दशम्या हुंगल्या, कुंद्याचा डबा उघडून बघितला आणि बंद केला. आईच्या अंगावरच्या लुगड्याकडं एकानं बघितलं खरं, पण त्याची नजर जकातीची नव्हती. आई पदर सावरून ताठ बसली.

कागद टाकून कळवलं होतं, म्हणून सावर्ड्याला मावशी स्वतः छपराची बैलगाडी घेऊन आली होती. लग्नघर सोडून आली होती. आम्ही आगगाडीतून उतरताना तिनं आधी आम्हाला नाही, किनारीला ओळखलं. "रुईफूल!" म्हणून ओरडली आणि आईला मिठी मारली. आई तिच्या खांद्यावर हमसून हमसून रडत होती. "आक्का, तुझंच लुगडं गं हे. तुझ्यासाठीच इणलंय. घडी मोडली मी, आता ताटात ठेवता यायचं न्हाय. तुझी सासू काय म्हणंल?" मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग पदराचा ओला कोपरा हातात घेऊन विचारलं, "पाणी कशाचं?" आई म्हणाली, "दूधसागराचं." मावशी म्हणाली, "चल, छपरात चढ. काढ आणि मला नेसव. अंगावरचं अंगावरच दे." त्या बैलगाडीच्या छपराखाली, बैल शेण टाकत उभे असताना, दोघी बहिणींनी लुगडी बदलली. मी बाहेर पहाऱ्याला होते. आतून आधी रडण्याचा आवाज येत होता, मग भांडण्याचा, निऱ्या कुणी घालायच्या यावरून, मग हसण्याचा.

मांडवाच्या दारात मावशीच्या सासूनं विचारलंच, "माहेरचं लुगडं कुठं आहे?" मावशी तिथंच गर्रकन फिरली, पदर पसरून. "हे काय, नेसूनच आले. माझी बहीण घाटातनं घेऊन आलीया. ताटात मावंना झालं." सासू काही म्हणाली असेल, मला आठवत नाही. मावशी त्या दिवशी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

घरी परत आलो तेव्हा माग चालू होता. आप्पांनी धोटा थांबवून एकच विचारलं, "घडी कुणी मोडली? आक्कानं?" त्यांच्यापासून काही लपवायचा आईचा स्वभाव नव्हता. तिनं जकातीचं सांगितलं, कॅसलरॉकचं सांगितलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "मी मोडली." आप्पा भिंतीवरच्या माझ्या कोळशाच्या अक्षरांकडं बघत राहिले आणि परत विणायला लागले. महिनाभर तो विषय निघाला नाही. आई मनातून घाबरून होती, मीही.

मग तो ताणा संपला. शेवटचं लुगडं मागावरून उतरलं. जांभळं होतं, रुईफुलाच्या किनारीचं. आप्पांनी त्याला खळ लावली नाही, चिठ्ठी लावली नाही, दोरा घेतला नाही. तसंच मोकळं हातावर टाकून ते चुलीपाशी आले. ज्या माणसाला घडी घातल्याशिवाय लुगडं हातात धरता येत नव्हतं तो माणूस. आई उठून उभी राहिली. त्यांनी ते तिच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "ह्याला घडीच घाटली न्हाय. मोडायचा प्रश्न न्हाय. नेस."

"आणि नेसून कुठं जाऊ?" आई म्हणाली.

आप्पा माझ्याकडं वळले. "शेवू, भरमाण्णाला इचारून ये, ती बिनदिव्याची कवा हाय. आणि तिघांस्नी बसायला डावीकडं जागा मिळती काय ते बी इचार."

मी उंबरा ओलांडून पळत सुटले. माग थांबला होता, पण त्या दिवशी कुणाचा धागा तुटला नव्हता.